खडाजंगी प्रकाशनाचं हरित पुस्तक

पर्यावरणाचं वाटोळं कारखानदारांनी केलं, असं मी आजवर ठासून लिहीत आलो. नावानिशी लिहीत आलो. आणि एका दुपारी ऑनलाइन कार्यशाळेत पुण्याच्या एका मॅडमनी मला थंडपणे सांगितलं की तुम्ही लहान प्रकाशकसुद्धा करता, तेही बसल्या जागी, कागदाला हात न लावता. संगणकावरचं काम धूर सोडताना दिसत नाही, एवढाच फरक. तुम्ही मुखपृष्ठाची जड फाईल दहा जणांना पाठवता, ती कुठल्यातरी गार इमारतीत जाऊन पडते, कोणी पुसत नाही तोवर पडून राहते, आणि ती इमारत गार ठेवायला कुठेतरी कोळसा जळत राहतो. मी आवाज चालू करून भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात नेट गेलं. परत आलं तेव्हा मॅडम सर्वांचे आभार मानत होत्या आणि मला त्यांचं पटलेलं होतं.

लहान प्रकाशक म्हणजे मी, लखन. खडाजंगी प्रकाशन, वाशीम, अकोला नाका, फय्याजभाईच्या गादी कारखान्याला लागून असलेली खोली. एक टेबल, एक संगणक, त्याच्यापुढे अक्षरजुळणी करणारा तौकीर, आणि सगळ्यावर पलीकडून उडून आलेला कापूस. बाकी संपादक, मुद्रितशोधक, मालक आणि शिपाई ही सगळी पदं माझ्याकडे. शाळा दहावीत सुटली. पुढचं जे काही शिकलो ते रद्दीतून शिकलो, म्हणून विद्वानांना भीत नाही. प्रस्थापितांनी मला छापलं नाही, मी स्वतःला छापलं, आणि मग त्यांनी न छापलेल्या इतरांनाही छापायला लागलो. हे सगळं सांगायचं कारण, पुढे जे झालं त्यात माझ्या ताठ मानेचा संबंध आहे.

कार्यशाळेचं 'हरित प्रकाशक' असं प्रमाणपत्र मेलवर आलं. मी ते रंगीत छापून घेतलं, लॅमिनेट केलं आणि भिंतीला टांगलं. माझी बायको मंजुषा डबा घेऊन आली होती. तिनं त्या चकचकीत प्लास्टिकवरून एक बोट फिरवलं, बोट पदराला पुसलं आणि डबा ठेवून निघून गेली. माझ्या पुस्तकांवर आजवर जी परीक्षणं आली त्यांतलं एकही इतकं सविस्तर नव्हतं.

पहिला हात तौकीरच्या संगणकाला घातला. त्यात प्रत्येक पुस्तकाची भाऊबंदकी नांदत होती. एक 'फायनल', एक 'फायनल नवीन', एक 'खरं फायनल', एक 'बाई म्हणाल्या ते फायनल' आणि एक 'हे उघडू नये'. मी फर्मान काढलं: एक पुस्तक, एक फाईल. काम झालं की ती फोनमधूनही पुसायची. प्रूफ कागदावर काढायचं नाही. तौकीरचं म्हणणं होतं की एक फाईल बिघडली तर दुसरी असावी म्हणून ठेवाव्या लागतात. मी त्याला कोळशावर व्याख्यान दिलं. व्याख्यान रंगात आलं असताना लाईट गेली. तौकीर अंधारातून म्हणाला, "भाऊ, वाचला पाहा कोळसा."

अशा वातावरणात सुकेशनीबाई आल्या. त्या आरोग्य उपकेंद्रात नर्स, मूळ रिठदच्या. त्यांची आई तुळसाबाई म्हणजे रिठद आणि आसपासच्या गावांची जुनी सुईण. मायलेकींनी मिळून दोन-तीन पिढ्या या जगात ओढून आणल्या, आणि त्यावर सुकेशनीबाईंनी पुस्तक लिहिलं होतं, 'सुईणीची लेक'. त्यांची अट एकच होती. आई थकली होती, महिन्याभरापूर्वी दवाखान्यातून कशीबशी परत आली होती. तिला वाचता येत नाही, पण ती आहे तोवर पुस्तक तिच्या हातात पडलं पाहिजे. आजवर तिचं नाव छापून आलं ते फक्त रेशनकार्डावर, आणि तिथंही चुकीचं.

मी म्हणालो, बाई, हे खडाजंगीचं पहिलं हरित पुस्तक. आधी ई-बुक, मग मागणी येईल तेवढीच छपाई. गोदाम नाही, रद्दी नाही. बाई म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही पाहा, मायच्या हातात द्यायला एक तरी छापा. मी म्हणालो, पहिली मागणी आजींचीच. असं बोलताना मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की ती मागणी लिहून ठेवायचंच राहिलं.

प्रूफ मी त्यांच्या मोबाईलवर पाठवलं आणि खाली नम्रपणे लिहिलं की कृपया प्रिंट काढू नये. बाईंच्या मोबाईलची काच तडकलेली. त्यांनी गावातल्या ऑनलाइन सेंटरवर जाऊन प्रिंट काढली. एक स्वतःला, एक मास्तर असलेल्या नवऱ्याला, एक भावाला, आणि एक जास्तीची, कोणाला वाईट वाटू नये म्हणून. प्रत्येकानं आपापल्या रंगाच्या पेनानं चुका काढल्या. भावानं तर दुसऱ्यांनी काढलेल्या चुकांमध्ये चुका काढल्या. मग त्या सगळ्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. काही फोटोंत अंगठा होता, काहींत वरणाचा डाग, एका फोटोत पानापेक्षा मांजर जास्त होती. शिवाय कामाच्या सोयीसाठी एक ग्रूप निघाला, त्यात नातेवाईक सकाळी उठून गुलाबाची फुलं पाठवायला लागले. तौकीरला एकाच वेळी फोनमध्ये बघून टाईप करता येत नाही. त्यानं त्या फोटोंची प्रिंट काढली. अशा प्रकारे खडाजंगीच्या इतिहासात सर्वात जास्त कागद ज्या पुस्तकाच्या प्रूफाला लागला, ते आमचं कागदमुक्त पुस्तक.

मी खचलो नाही. कागद हाताबाहेर गेला तर गेला, फाईल तरी माझ्या ताब्यात होती. मी ती हलकी करायला घेतली. फोटो बारीक केले, मग काढून टाकले. अक्षर बदललं. रोज संध्याकाळी फाईलचं वजन बघायचं आणि कालच्यापेक्षा उतरलं की चहा मागवायचा, असा मला नाद लागला. शेजारचे फय्याजभाई कापूस पिंजता पिंजता सल्ले देतात, त्यांनी विचारलं की पुस्तक कसं झालं. मी म्हणालो, एकदम हलकं. त्यांनी मान डोलावली. गादीच्या धंद्यातही हलकेपणाला किंमत आहे.

आता प्रकाशन समारंभासाठी सभागृह. पर्यावरणपूरक कार्यक्रमाला तारीख लवकर मिळते असं कळलं म्हणून मी तसा अर्ज ऑनलाइन केला. ऑनलाइन अर्जाची प्रिंट घेऊन या, असा फोन आला. गेलो. तिथल्या बाबूनं विचारलं, कार्यक्रमात कागद वापरणार नाही याचा पुरावा काय? मी म्हणालो, न वापरल्याचा पुरावा कसा देतात? तो म्हणाला, प्रतिज्ञापत्रावर देतात. मग स्टँप पेपर आला, नोटरी आला, आधारच्या झेरॉक्स आल्या, त्यांच्या साक्षांकित प्रती आल्या, आणि एक संच त्याच्यासाठी, एक साहेबांसाठी, एक वाळवीसाठी. कागद न वापरण्याच्या वचनाची फाईल इतकी जाड झाली की तिला बांधायला त्यानं माझ्याकडूनच सुतळी मागितली. शेवटी म्हणाला, दारावर मोठं फ्लेक्स लावा, कार्यक्रम प्लास्टिकमुक्त आहे म्हणून. नियम आहे. मी त्याला चार शब्द सुनावले. ते त्यानं शांतपणे ऐकले आणि विचारलं की फ्लेक्सचा आकार माहीत आहे ना.

हे सगळं सोसलं असतं. पण प्रमुख पाहुणे अडून बसले. रामराव साहेब, माजी सभापती. वाशीम जिल्ह्यात पुस्तक निघालं आणि रामराव साहेब नाहीत, असं होत नाही. ते पुस्तकं वाचत नाहीत, त्यामुळे कोणत्याही विषयावर निःपक्षपाती बोलतात. मी त्यांना ई-बुकची कल्पना समजावून सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण फोटोत मी छातीशी काय धरू?"

इथं थोडं थांबून सांगतो, कारण प्रकाशन म्हणजे काय हे विद्वानांनाही नीट माहीत नाही. प्रकाशन म्हणजे पुस्तक लिहिणं नाही, छापणं नाही. प्रकाशन म्हणजे चमकी कागदाची पुडी सोडून, सहा-सात जणांनी ओळीनं उभं राहून, पुस्तकाचं तोंड कॅमेऱ्याकडे करून ते छातीशी धरणं. तो फोटो पेपरात आला की पुस्तक झालं. त्याआधी ते फक्त बाड असतं. सुकेशनीबाईंच्या नातेवाइकांनीही ग्रूपवर, गुलाबांच्या मधूनमधून, हेच विचारायला सुरुवात केली होती. आणि मागणीप्रमाणे छापून देणारी जी कंपनी होती, तिची वेबसाइट माझी फाईल पुन्हा पुन्हा नाकारत होती. कारण दर वेळी नवं. शेवटचं कारण असं होतं की पुस्तक फारच हलकं झाल्यामुळे त्याची पाठ नाव छापण्याइतकी रुंद राहिली नाही.

कार्यक्रम दोन दिवसांवर. मी डोकं धरून बसलो असताना फय्याजभाई चहा घेऊन आले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "लखनभाऊ, आमच्याकडं कापूस जुनाच राह्यते. पिंजायचा, खोळ नवीन घालायची. गिऱ्हाईक खोळ पाह्यते. गादी फाडून कोनी पाह्यली का आजपर्यंत?"

मी घरी आलो आणि दिवाणाकडे बघितलं. आमच्या दिवाणाला पाय नाहीत. चार कोपऱ्यांना 'धगधगता निषेध' आहे. हा माझा कवितासंग्रह. लोकांना तो झेपला नाही, म्हणून त्याचे गठ्ठे घरी आले, आणि मंजुषानं त्यांना कामाला लावलं. मी एका कोपऱ्यातला गठ्ठा उपसायला लागलो तर ती दारात उभी राहिली.

"दिवान कलते," ती म्हणाली.

मी म्हणालो, पुनर्वापर आहे हा. जगात याला मान आहे.

"दुसऱ्याच्या पोराले आपला सदरा घालायचा का आपल्या पोराले दुसऱ्याचा?" तिनं विचारलं. मी गठ्ठा घेऊन निघालो. दिवाण त्या दिवसापासून कललेला आहे.

तौकीर आणि मी बसून 'निषेध'ची मूळ मुखपृष्ठं फाडली आणि 'सुईणीची लेक'ची नवी खळ लावून चिकटवली. वर सुकेशनीबाईंचा फोटो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी तुळसाबाई, मागच्या बाजूला ई-बुकसाठी स्कॅन करायचा चौकोन. खरंच सुरेख दिसत होतं. तौकीर म्हणाला, स्टेजवर पुस्तक उघडून वाचणारा माणूस त्यानं आजपर्यंत पाहिला नाही, आणि पाहुणे तर ते खुर्चीवरच ठेवून जातात. बाईंना मी एवढंच सांगितलं की या फोटोपुरत्या नमुना प्रती आहेत, आजींची खरी प्रत मागून येतेय. हे खोटं नव्हतं. खोट्याच्या इतकं जवळ मात्र मी याआधी फक्त जाहिरातीत गेलो होतो.

कार्यक्रम दणक्यात झाला. सभागृहात नेटवर्क नव्हतं, त्यामुळे ई-बुक घ्यायला अर्धी सभा बाहेर फ्लेक्सपुढे जाऊन उभी राहिली आणि तिथंच रमली. रामराव साहेब मातृत्वावर भरपूर बोलले. पुड्या सुटल्या, पुस्तकं छातीशी गेली, फोटो झाला. कोणीही उघडून पाहिलं नाही. मग तुळसाबाईंना वर बोलावलं. काठी टेकत आल्या, शाल घेतली, नारळ घेतला, आणि पुस्तक हातात आल्यावर त्यांनी नारळ रामराव साहेबांच्या हातात परत दिला. पुस्तक उलटं धरलं होतं. त्यांनी बोटांनी फोटोतला लेकीचा चेहरा चाचपला, मग स्वतःचा. आणि पुस्तक पदरात गुंडाळून खाली उतरल्या.

कार्यक्रम संपल्यावर तौकीरनं खुर्च्यांवरची पुस्तकं गोळा केली. सगळी होती. पाहुण्यांनी दगा दिला नाही. एकच कमी होतं. मी धावत आजींच्या जीपपर्यंत गेलो आणि म्हणालो, आजी, द्या इकडे, पिशवीत घालून देतो. तुळसाबाईंनी पदर आणखी आवळला.

"राहू द्या बापू," त्या म्हणाल्या. "पैल्या दिवशीचं लेकरू कोनी दुसऱ्याच्या हाती देते का?"

जीप गेली. कार्यक्रमाला आलेली मंजुषा माझ्यामागे येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. रस्ताभर ती एक शब्द बोलली नाही, आणि मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

सकाळी पहिली रिसोड गाडी पकडून रिठदला उतरलो. बेत साधा होता. म्हातारी एकटी असेल, छपाईत दोष आहे म्हणून प्रत मागून घ्यायची, खरी आली की आणून द्यायची. घराशी पोचलो तर अंगणभर बाया. तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या होत्या, पण शेंगांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मधोमध बाजेवर तुळसाबाई, मांडीवर पुस्तक. सुकेशनीबाई लसीकरणाला पलीकडच्या गावात गेलेल्या. पोरं शाळेत. वाचणारं कोणी नाही म्हणून सगळ्या ताटकळलेल्या.

"आले पाहा," तुळसाबाई म्हणाल्या. "छापणारेच आले. बसा बापू. ह्या साऱ्या माह्या हातच्या आहेत. काही माह्या हातानं झालेल्या, काही माह्या हाताखाली बाळंत झालेल्या. ह्याइले आयकायचं हाय. सुकीच्या जल्माचं पयले वाचा."

आणि त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

माझ्याजवळ अजून एक वाट होती. मोबाईल पुस्तकात ठेवायचा आणि ई-बुक वाचून दाखवायचं. मोबाईल काढला. फाईल नव्हती. माझ्याच फर्मानाप्रमाणे काम झाल्यावर मी ती पुसली होती. सगळ्या वाशीमात ते फर्मान पाळणारा मी एकटा. नेटवरून पुन्हा उतरवून घ्यायला गेलो तर एक गोल चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. बाया बघत होत्या. मी मोबाईल खिशात घातला, खाकरलो, आणि आठवेल तसं म्हणायचं ठरवलं.

तेव्हा मला कळलं की मला काहीच आठवत नाही. एक ओळ नाही. महिनाभर ते पुस्तक माझ्या डोळ्यांपुढून वर सरकत गेलं होतं. त्याचं वजन मला कधीही झोपेतून उठवून विचारलं असतं तर सांगता आलं असतं.

"माझा जन्म रिठदला झाला," मी वाचू लागलो. "घरात अठराविसे दारिद्र्य. बाहेर काळोख. कोपऱ्यात दिवा मिणमिणत होता."

"दिवा?" तुळसाबाई म्हणाल्या. "भर दुपारची झाली ते. आन रिठदले कुठं? शिरपूरच्या वाटेवर, कापसाच्या गाडीत."

"हो," मी म्हणालो. "दोन पानं चिकटली होती. भर दुपारी, कापसाच्या गाडीत मी जन्मले. बैल हंबरत होते."

"बैल सोडेल होते," तुळसाबाई म्हणाल्या.

"बैल सोडलेले होते," मी वाचलं.

रुख्मिणी नावाची एक बाई अगदी पुढ्यात बसली होती. तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "आजी," ती म्हणाली, "हे वाचून राह्यले का तुमाले इचारून राह्यले?"

आजवर मी मंत्र्यांवर लिहिलं, महाराजांवर लिहिलं, धमक्या आल्या तर त्या फ्रेम करून लावल्या. त्या अंगणात मात्र एका प्रश्नात हरलो. मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं की आजी, हे तुमच्या लेकीचं पुस्तक नाही.

"वर त् सुकी हाय," त्या म्हणाल्या. "मी बी हाय."

"वरचं तुमचं. आतलं माझं."

त्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. मी समजत असताना बघत होतो. त्यांनी हात लांब करून पुस्तकाच्या पानांची कड दाबून पाहिली, रात्रभर उशाशी घेतलेल्या वस्तूला जसं पुन्हा हात लावून बघतात तसं. बोलली ती रुख्मिणी. म्हणाली, "मंग तुमचंच वाचा. आलो हाओत एवढ्या, तुरी सोडून."

मी नको म्हणालो. बाया हो म्हणाल्या. मी पुस्तक मधेच उघडलं. जगात दैव नावाची गोष्ट नाही असं मी तीन निबंधांत सिद्ध केलं आहे; तरी त्या सबंध संग्रहातून जे पान उघडलं ते 'वेणा' या कवितेचं होतं. पलटायला गेलो तर पुढच्या पानावरही तीच. ती दीर्घकविता आहे. खाली मान घालून मी वाचली:

"पोटुशी आहे मी विद्रोहानं,
माझ्या कळा कुणाला कळणार?
रात्रभर एकटाच तळमळलो,
पहाटे एक कविता व्यालो.
नाळही मीच तोडली, दातांनी."

कोणीतरी पदर तोंडात कोंबला. दुसरीचा कोंबायच्या आतच सुटला. रुख्मिणीनं विचारलं की कळा कमरेतून आल्या का ओटीपोटातून. मागून एकीनं विचारलं की पहिली खेप होती का, कारण रात्रभर म्हणजे पहिलटकरीणच असणार. एक पोक्त बाई हसता हसता शेंगांच्या ढिगावर कलंडली. मी अक्षरांवर नजर रोवून उभा होतो, आणि ती अक्षरं, जी मी खरोखरच रात्र जागून लिहिली होती, माझ्याकडे ओळख नसल्यासारखी बघत होती.

तुळसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं होतं. "नाळ दातानं नसते तोडत बापू," त्या म्हणाल्या. "लेकराले बाधते." आणि मग, अगदी काळजीनं, "जगली का ते?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली का नाही म्हणून, मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात सुकेशनीबाई आल्या. खांद्याला लसीचा निळा डबा. बायांनी त्यांना एकमेकींच्या वरताण सगळं सांगितलं. मी ओरडा खायला तयार होतो. ओरडणाऱ्या माणसाला ओरडून उत्तर देता येतं, तेवढं मला येतं. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी डबा सावलीत ठेवला आणि विचारलं, "भाऊ, तुमी माह्यं पुस्तक वाचलं होतं का?"

मी पायाजवळची एक शेंग उचलून सोलायला लागलो. बाईंना उत्तर मिळालं.

त्या बाजेवर आईशेजारी बसल्या, तडकलेल्या काचेचा मोबाईल काढला आणि वाचायला लागल्या. मी बायांच्या मागे, ओट्याच्या कडेला टेकलो आणि मीच प्रकाशित केलेलं पुस्तक पहिल्यांदा ऐकलं. त्यात होतं की ज्या घरांत मायच्या हाताशिवाय लेकरू खाली येत नव्हतं, त्या घरांत मायला पाणी वरून ओंजळीत ओतायचे. त्यात होतं की माय बाळाला अंघोळ घालून आईच्या कुशीत ठेवायची आणि मग त्या लोकांना आपण शिवलेली जागा सारवून द्यायची. लहानगी सुकी अंगणात कंदील धरून उभी राहायची आणि आतून रडणं ऐकू आलं की तिला वाटायचं, माय रडते. रुख्मिणीचं हसू कधी गेलं मला कळलं नाही. ती एकच शेंग कितीतरी वेळ बोटांत फिरवत होती. तुळसाबाई मधूनमधून म्हणायच्या की हे कायले लिहिलं, ते लोक आता तसे नाहीत राह्यले. बाई म्हणायच्या, राहू दे माय, आणि पुढे वाचायच्या.

अन्यायावर मी आयुष्यभर लिहीत आलो. तो महिनाभर माझ्याच टेबलावर फाईल होऊन पडला होता, आणि मी त्याला हलकं करत होतो.

वाचून झाल्यावर सुकेशनीबाई मला म्हणाल्या, "आधी वाचा. मंग छापा. आन काढलेले फोटो परत टाका, जाड झालं तरी चालते." मी हो म्हणालो. याहून जास्त बोलायची माझी लायकी नव्हती.

निघताना तुळसाबाईंनी हात पुढे केला. मी पुस्तक दिलं. त्यांनी कडेला नख घातलं आणि खळ सुटत सुटत मुखपृष्ठ अलगद सोडवलं, कुठे फाटू न देता. त्यावरची धूळ पुसली, घडी न घालता उशीखाली सपाट ठेवलं, आणि आतल्या कविता माझ्या हातात दिल्या.

"हे तुमचं," त्या म्हणाल्या. "आपलं आपल्याजवळ असावं बापू."

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली नाही. खिडकीशी बसलेल्या माणसाच्या तोंडावर ऊन येत होतं. त्यानं माझ्या मांडीवरचं ते बिनखोळीचं पुस्तक मागून घेतलं, दोन पानं वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि ते खिडकीच्या काचेत उन्हाला आडवं खोचलं. मग चांगलं बसलं म्हणून खूश होऊन विचारलं, "कोनाचं हाय हो हे?"

कोणाच्या बापाला न भिणारा मी म्हणालो, "माहीत नाही बावा. एका म्हातारीनं देलं."